बांगडीचं माप

भोरच्या पेठेत कासाराकडे बांगड्या भरायला बसलेल्या बाईचा हात कधी नीट पाहावा. कासार आधी तिचा पंजा हातात घेतो, अंगठा तळव्याकडे मुडपतो, बोटांच्या मुळाशी असलेली हाडं एकमेकांजवळ दाबतो आणि मग एकेक बांगडी वळवत वळवत मनगटावर सरकवतो. कुठली बांगडी जाईल हे त्याला हात धरताक्षणी कळतं. दोन-चार, दोन-सहा, दोन-आठ ही त्याची मापं. दोन्ही हातांना बहुधा एकच माप लागतं, फार तर उजव्या हाताला थोडा जोर द्यावा लागतो. पण एका हातात दोन-चार सहज जाते आणि दुसऱ्या हातात दोन-सहाही साबण लावून अडते, असं झालं तर तो हात काहीतरी सांगतो आहे.

या मापांचं गणित करून पाहा. दोन-चार म्हणजे दोन इंच आणि वर इंचाच्या सोळा भागांतले चार भाग. एका मापावरून पुढच्या मापावर गेलं की बांगडीचा व्यास एक अष्टमांश इंचाने वाढतो. म्हणजे तिचा घेर जवळजवळ बरोबर १ सेंटिमीटरने वाढतो. दोन मापं वाढली की २ सेंटिमीटर. आणि फिजिओथेरपीत दोन हातांच्या घेरात एखाद्या जागी २ सेंटिमीटरचा फरक पडला, तर लिम्फेडेमा धरून चालावं, असा दंडक वर्षानुवर्षं वापरात आहे. कासाराची पेटी आणि फिजिओथेरपिस्टची टेप एकाच आकड्यापाशी येऊन थांबतात, हे मला फार मोलाचं वाटतं. कारण नसरापूर फाट्यावरून आत वळल्यावर मार्गासनी, विंझर करत वेल्ह्यापर्यंत, किंवा इकडे भोरहून हिर्डोशीकडे, घराघरांत टेप असेल-नसेल, बांगडी मात्र आहेच.

लिम्फेडेमा म्हणजे लसिकेची वाट अडल्यामुळे आलेली सूज. लसिका हा शब्द शाळेच्या पुस्तकाबाहेर कुणी बोलत नाही. पण काट्याकुट्यातून चालणाऱ्या माणसाला शरीरातली ही व्यवस्था चांगली ठाऊक असते. पायात काटा मोडला, जखम चिघळली, की दोन दिवसांनी जांघेत अवधाण येतं. ते अवधाण म्हणजे फुगलेली लसिकाग्रंथी. पायाकडून येणारं पाणी तिथे गाळलं जातं, त्यातले जंतू तिथे अडवले जातात. अशा ग्रंथी जांघेत, काखेत, मानेत आणि पोटात खोलवर असतात.

हे पाणी येतं कुठून? रक्ताच्या बारीक केशवाहिन्यांतून थोडा द्रव सतत बाहेर झिरपतो, पेशींना न्हाऊ घालतो, आणि त्यातला दोन-तीन लिटर रोज लसिकावाहिन्यांतून रक्तात परत जातो. मावळातल्या माणसाला हे भाताच्या खाचरांवरून लगेच कळेल. डोंगरउतारावर पायऱ्यांसारखी खाचरं असतात. वरच्या खाचरातलं पाणी बांधातल्या मोरीतून खालच्यात, तिथून त्याच्या खालच्यात, आणि शेवटी ओढ्याला. मधल्या एका बांधाची मोरी बुजली तर ओढा कोरडा दिसतो आणि वरचं खाचर मात्र तुंबतं. लसिकावाहिन्यांना हृदयासारखा मोठा पंप नाही. त्यांच्या भिंती स्वतः हलकेच आकसतात, आतल्या झडपा पाणी मागे येऊ देत नाहीत. बाकीचं काम आपल्या स्नायूंची हालचाल आणि श्वास करतो. म्हणून या आजारात व्यायामाला जेवढं महत्त्व आहे तेवढं गोळीला नाही. लघवी वाढवून सूज उतरवणाऱ्या गोळ्या तर इथे फारशा कामाच्या नाहीत. त्या पाणी काढतात, पण तुंबलेल्या जागेत साठलेली प्रथिनं तिथेच राहतात आणि पुन्हा पाणी ओढून घेतात.

आपल्याकडे हाताचा लिम्फेडेमा बहुतेकदा स्तनाच्या कर्करोगावरच्या उपचारांनंतर दिसतो. शस्त्रक्रियेत काखेतल्या ग्रंथी काढतात, कधी वरून किरणोपचार देतात, आणि त्या बाजूच्या हाताची मोरी अरुंद होते. काखेतल्या बऱ्याच ग्रंथी काढल्या तर साधारण पाचातल्या एका स्त्रीला पुढे ही सूज येते. पहिल्या एक-दोन ग्रंथी तपासून तिथेच थांबता आलं तर ते प्रमाण विसात एकीवर येतं. इथे भाषेचा एक घोटाळा होतो, तो सांगायलाच हवा. डॉक्टर म्हणतात, ‘काखेतल्या गाठी काढल्या.’ घरी सगळ्यांना वाटतं, रोगाच्या गाठी होत्या, गेल्या, बरं झालं. त्यातल्या कित्येक गाठी जन्मापासून तिथे असलेल्या, रोज काम करणाऱ्या ग्रंथी होत्या, आणि आता त्यांचं काम उरलेल्यांवर पडणार आहे, हे त्या बाईला कुणी सांगितलेलं नसतं. मग सहा महिन्यांनी किंवा दोन वर्षांनी हात सुजला, की त्या सुजेचा आणि त्या ऑपरेशनचा संबंध तिच्या मनातही येत नाही.

पायाला हीच सूज गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या उपचारांनंतर येऊ शकते. काही मुलींना जन्मतःच लसिकावाहिन्या कमी असतात आणि वयात येताना एक पाय घोट्यापाशी भरू लागतो. लग्नाच्या काळजीने घरचे तो पाय साडीत, सलवारीत झाकून ठेवतात, आणि उपचार सोपे असतात नेमकी तीच वर्षं निघून जातात. जगात सगळ्यात जास्त लिम्फेडेमा होतो तो डासांमुळे पसरणाऱ्या हत्तीरोगाने. महाराष्ट्रात त्याचा जोर विदर्भात, गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या बाजूला. भोर-वेल्हे त्या पट्ट्यात येत नाही, पण कामासाठी माणसं दूरदूर राहून येतात. एका पायाची सूज घेऊन आलेल्या माणसाला ‘आधी कुठे राहत होतात?’ हा प्रश्न इथेही विचारायला हवा.

आता ओळखायचं कसं. सूज डोळ्यांना दिसायच्या आधी एक काळ असतो, कधी काही महिने, कधी काही वर्षं. माप वाढलेलं नसतं, पण हात जड वाटतो. मराठीत त्याला नेमका शब्द आहे: हात भरून येतो. अडचण अशी की दिवसभर लावणी केल्यावर सगळ्यांचेच हात भरून येतात. म्हणून विचारायचा प्रश्न असा: दोन्ही हात भरून येतात की एकच? आणि रात्री झोपून उठल्यावर उतरतं की सकाळीही तसंच असतं? एकच हात, तोही ऑपरेशनच्या बाजूचा, आणि ब्लाउजच्या बाहीचा वळ त्याच दंडावर उमटतो आहे, एवढं कळलं तरी पुरे.

पुढच्या पायरीवर सूज दिसते. अंगठ्याने दाबलं तर खळगा पडतो आणि हात उशीवर उंच ठेवून झोपलं की सकाळी उतरलेली असते. नेमकी ही उतरणारी सूज माणसाला फसवते. उतरते आहे म्हणजे बरी होते आहे, असं वाटतं. त्या काळात काही केलं नाही तर साठलेल्या प्रथिनांमुळे तिथे दाह राहतो, हळूहळू घट्ट तंतू तयार होतात, चरबी वाढते, आणि मग हात उंच ठेवूनही फरक पडत नाही. दाबून खळगासुद्धा पडेनासा होतो. शेवटी कातडी जाड, खरखरीत, मोडांनी भरलेली. पहिल्या दोन पायऱ्यांवर हात जवळजवळ पूर्ववत करता येतो. नंतर उपचारांनी आराम पडतो, सूज कमी होते, पण हात पहिल्यासारखा होणं अवघड.

पायासाठी एक खूण आहे, ती शिकायला दोन मिनिटं लागतात. पायाच्या अंगठ्याशेजारच्या बोटाच्या मुळाशी, वरच्या बाजूची कातडी चिमटीत धरून उचलायची. निरोगी पायाची कातडी चिमटीत येते. लिम्फेडेमा असेल तर ती उचललीच जात नाही, जाड होऊन खालच्या भागाला चिकटल्यासारखी राहते. रॉबर्ट स्टेमर यांनी १९७६ मध्ये ही खूण सांगितली आणि त्यांच्याच नावाने ती ओळखली जाते. नेमक्या याच बोटात आपल्याकडे जोडवी असतात. घरी आलेल्या आशाताईने ‘आत्या, जोडवी शेवटची कधी काढलीत? एकाच पायाची रुततायत का?’ एवढं विचारलं, तर तपासणीला निम्मी सुरुवात झाली. चिमटीत कातडी आली म्हणून लिम्फेडेमा नाहीच, असं मात्र म्हणता येत नाही. सुरुवातीला ही खूण नसतेही.

प्रत्येक सूज लसिकेची नसते, आणि इथे घाईने निदान करू नये. दोन्ही पाय सारखेच सुजले असतील तर आधी हृदय, मूत्रपिंड, यकृत, रक्तातलं हिमोग्लोबिन आणि प्रथिनं तपासावी लागतात. पोटरी एकाएकी सुजली, दुखते, गरम लागते, तर शिरेत रक्ताची गुठळी असू शकते. तिथे चोळणं आणि पट्टी बांधणं धोक्याचं, त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं. कर्करोगाचे उपचार होऊन बरीच वर्षं गेल्यावर हात अचानक झपाट्याने सुजला, तर फिजिओथेरपीच्या आधी कर्करोगाच्या डॉक्टरांना दाखवायचं.

पावसाळ्याबद्दल वेगळं लिहायला हवं. भोर आणि वेल्हे या दोन तालुक्यांच्या पश्चिमेच्या खोऱ्यांत जून ते सप्टेंबर पाऊस हटत नाही, आणि भातलावणी म्हणजे दिवसचे दिवस चिखलात उभं राहणं. बोटांच्या बेचक्यांतली कातडी पांढरी पडून फुटते, त्यांना चिखल्या म्हणतात. निरोगी माणसाला चिखल्या म्हणजे आठ दिवसांचा त्रास. सुजणाऱ्या पायाला मात्र ते जंतूंना उघडलेलं दार आहे. तुंबलेल्या, प्रथिनांनी भरलेल्या पाण्यात जंतू फोफावतात. एका रात्रीत थंडी वाजून ताप भरतो, पाय लालभडक होतो, लाली वर सरकत जाते. गावाकडे याला धावरं म्हणतात. धावरं येऊन गेलं की उरल्यासुरल्या लसिकावाहिन्याही खराब होतात, सूज वाढते, आणि वाढलेल्या सुजेत पुन्हा धावरं येतं. हे चक्र तोडायला लागणारी सामग्री अगदी साधी आहे: साधा साबण, स्वच्छ पाणी, प्रत्येक बेचकं कोरडं करणारं सुती फडकं, बुरशी असेल तर डॉक्टरांनी दिलेलं मलम, आणि कोरड्या कातडीला थोडं तेल. हे रोज, रात्री झोपायच्या आधी. शक्य असेल तिथे खाचरात गमबूट. धावरं आलंच तर त्याच दिवशी डॉक्टर आणि प्रतिजैविक. ताप आणि लाली उतरेपर्यंत चोळणं नाही, पट्टी नाही.

सुजेवर रुईचं पान तेल लावून, शेकून बांधायची आपल्याकडे जुनी चाल आहे. कुठे कुठे डागही देतात. मुरगळलेल्या घोट्याचं एक वेळ सोडून देऊ, पण लसिकेने सुजलेल्या हातापायावर शेक, डाग आणि रगडून मालीश हे तिन्ही टाळायचे. उष्णतेने रक्त त्या भागाकडे आणखी येतं आणि आणखी पाणी झिरपतं. डागाची जखम म्हणजे धावऱ्याला आमंत्रण.

उपचारातलं चोळणं वेगळंच असतं. एमिल आणि एस्ट्रिड व्होडर या डॅनिश दांपत्याने १९३० च्या दशकात फ्रान्समध्ये ते विकसित केलं आणि १९३६ मध्ये पॅरिसमध्ये जगापुढे मांडलं. हात कातडीवर घसरत नाही. तो कातडीला हलकेच ताणतो आणि सोडतो, मांजराच्या अंगावरून हात फिरवावा इतक्या कमी जोराने. कातडीखालच्या सूक्ष्म लसिकावाहिन्यांची टोकं बारीक धाग्यांनी भोवतालच्या ऊतींना बांधलेली असतात. कातडी ताणली की धागे ओढले जातात आणि ती तोंडं उघडतात. जोराने दाबलं तर ती दबतात. आणि सुरुवात सुजलेल्या हातापासून करायची नाही. आधी मान, मग निरोगी बाजूची काख, छाती, मग दंड, आणि शेवटी पंजा. खालचं खाचर मोकळं केल्याशिवाय वरच्याची मोरी उघडून उपयोग नाही, हे इथल्या शेतकऱ्याला समजावून सांगावं लागत नाही.

पुढे जर्मनीत मायकेल फोल्डी यांनी या चोळण्याला आणखी तीन गोष्टी जोडल्या: कातडीची निगा, दाबाची पट्टी आणि व्यायाम. आज जगभर हीच चौकडी चालते. दोन ते चार आठवडे रोज उपचार, मग आयुष्यभर घरची देखभाल आणि दिवसा घालायची दाबाची बाही किंवा मोजा. चौघांत सर्वांत मोठा वाटा पट्टीचा आहे असं माझं मत आहे. अभ्यासही त्याच बाजूला झुकतात.

म्हणून पट्टी जवळून पाहू. आधी हातावर सुती जाळीदार बाही. मग बोटांना एकेक करून पातळ पट्टी, टोकं उघडी ठेवून. तळवा आणि कोपराच्या घडीत कापसाची किंवा फोमची गादी. त्यावर कमी ताणली जाणारी पट्टी, पंजापासून सुरू करून वर दंडापर्यंत, प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्याचा अर्धा भाग झाकेल असा. खाली घट्ट, वर जाताना सैल. पंजाला गुंडाळताना बोटं फाकवून ठेवायची. झालं की नखं दाबून पाहायची, पांढरी पडून लगेच गुलाबी झाली पाहिजेत. मुंग्या आल्या, बोटं निळी पडली, ठणका लागला तर ताबडतोब सोडायची. औषधांच्या दुकानात मिळणारी नेहमीची क्रेप पट्टी यासाठी चालत नाही. ती खूप ताणली जाते, म्हणून हात स्वस्थ असताना करकचते आणि हात हलवला की ढिली होऊन सोबत सरकते. कमी ताणाची पट्टी याच्या उलट वागते. स्वस्थ हाताला ती जेमतेम जाणवते, पण स्नायू फुगला की भिंतीसारखी उभी राहते, आणि स्नायू व पट्टी यांच्यामध्ये सापडलेली लसिका वर ढकलली जाते. अर्थात पट्टी बांधून नुसतं बसून राहिलं तर तिचा अर्धा उपयोग वाया जातो. पट्टी पहिल्यांदा प्रशिक्षित माणसाकडूनच शिकायची, आणि पायाच्या रक्तपुरवठ्याची किंवा हृदयाची तक्रार असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय बांधायची नाही.

सूज यायच्या आधीच फिजिओथेरपी सुरू केली तर? स्पेनमध्ये काखेतल्या ग्रंथी काढलेल्या १२० स्त्रियांवर असा प्रयोग झाला. तो २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्या जणींना शस्त्रक्रियेनंतर लगेच हलकं चोळणं, व्रणाची निगा आणि खांद्याचे चढत्या क्रमाचे व्यायाम दिले, बाकीच्यांना फक्त माहिती. वर्षभरानंतर माहितीच मिळालेल्यांपैकी २५ टक्के जणींचे हात सुजले होते, व्यायाम केलेल्यांपैकी ७ टक्के. प्रयोग लहान होता, पण मला या सगळ्या विषयातला हा सर्वांत बोलका आकडा वाटतो.

घरी येताना बाईला दिला जाणारा सल्ला बहुधा उलट असतो: त्या हाताने काही उचलू नका. वेल्ह्याच्या एखाद्या वाडीत विहिरीवरून पाणी आणणाऱ्या, गवताचे भारे वाहणाऱ्या बाईला हा सल्ला पाळता येत नाही, आणि पाळला तर खांदा आखडतो. कॅथरिन श्मिट्झ यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात आधीच लिम्फेडेमा असलेल्या १४१ स्त्रिया होत्या. त्यातल्या अर्ध्या जणींनी देखरेखीखाली, दाबाची बाही घालून, अगदी कमी वजनापासून सुरुवात करत आठवड्यातून दोनदा वजनं उचलली. त्यांची सूज इतरांपेक्षा वाढली नाही. उलट सूज भडकण्याचे प्रसंग त्यांच्यात निम्म्यावर आले. म्हणजे घोटाळा वजनाचा कमी आणि एकदम उचललेल्या वजनाचा जास्त. आधी पाव घागर, काही दिवसांनी अर्धी. रात्री हात भरून आला तर दोन दिवस मागे यायचं.

शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या दिवसापासून मूठ उघडणं-मिटणं आणि कोपर वाकवणं चालतं. खांद्याचे व्यायाम डॉक्टरांनी सांगितल्यावर, साधारण आठवडा-दहा दिवसांनी: भिंतीसमोर उभं राहून बोटं वर चढवत न्यायची, जिथपर्यंत पोचली तिथे कोळशाने रेघ मारायची, दुसऱ्या दिवशी रेघेच्या वर. त्या हाताने केस विंचरणं, पुढे ताक घुसळणं. काही जणींना या आठवड्यांत काखेतून कोपराकडे कातडीखाली दोरी ताणल्यासारखी दिसते आणि हात वर गेला की खुपते. घाबरून व्यायाम थांबवायचा नाही. फिजिओथेरपिस्टच्या मदतीने ती हळूहळू सैल होते. रोजच्या कामात जपायचं ते कापणं, भाजणं, टोचणं. भाकरी भाजताना त्या हाताला फडकं, विळ्याने काम करताना हातमोजा, करवंदीच्या जाळीत दुसरा हात. काचेची बांगडी वाढवताना ती मनगटात रुतून फुटू द्यायची नाही.

भोरला उपजिल्हा रुग्णालय आहे, वेल्ह्याला ग्रामीण रुग्णालय. वेल्हे तालुक्याचं नाव आता राजगड झालं, पण आतल्या वाडीपासून एसटीपर्यंतची पायपीट तेवढीच आहे. लिम्फेडेमाचं प्रशिक्षण घेतलेला फिजिओथेरपिस्ट शोधायला पुणे गाठावं लागतं, आणि लावणीच्या दिवसांत रोज पुण्याला जाणारी बाई मी तरी कल्पू शकत नाही. म्हणून पहिल्या दोन-तीन फेऱ्यांत तिच्याबरोबर घरातलं एक माणूस असायला हवं, नवरा, सून, मुलगी, कुणीही. पट्टी त्या माणसाने शिकायची. केरळात कासारगोडला इन्स्टिट्यूट ऑफ अप्लाइड डर्मेटॉलॉजी या संस्थेने हत्तीरोगाच्या पायांसाठी धुणं, योग, श्वसन आणि पट्टी यांची सांगड घालून जी पद्धत उभी केली, तिचा भारही घरी रोज करण्यावरच आहे.

मापाचं काम आशाताईकडे किंवा बचत गटाकडे देता येईल, आणि ते हलकं काम नाही. टाटा मेमोरियल रुग्णालयाने १९९८ पासून मुंबईच्या वस्त्यांत दीड लाखाहून अधिक स्त्रियांवर दीर्घ अभ्यास केला. त्यात स्तनांची तपासणी थोडं प्रशिक्षण मिळालेल्या आरोग्यसेविका नुसत्या हातांनी करत होत्या, आणि त्यांच्या हातांना कर्करोग लवकरच्या अवस्थेत सापडला. टेप धरायला त्याहून कमी शिकावं लागतं.

माप घ्यायचं ते शस्त्रक्रियेच्या आधी, दोन्ही हातांचं, कारण कामाचा हात मुळातच थोडा जाड असतो आणि पुढे तुलना कशाशी करायची हा प्रश्न पडतो. शिंप्याची टेप चालते. मनगटाच्या हाडापाशी एक खूण, तिथून वर दर दहा सेंटिमीटरवर पेनाने एकेक खूण, आणि पंजाचा घेर अंगठा सोडून. टेप कातडीला टेकली पाहिजे, रुतता कामा नये. महिन्यातून एकदा, सकाळी, चूल पेटवायच्या आधी. भिंतीवरच्या कॅलेंडरच्या त्या महिन्याच्या पानावर कोपऱ्यात आकडे लिहायचे, डाव्याचे डावीकडे, उजव्याचे उजवीकडे, आणि त्याखाली त्या हातात कुठली बांगडी जाते तेही: दोन-चार, दोन-चार, दोन-चार, दोन-सहा. त्या दोन-सहाच्या दिवशीच पुण्याची एसटी धरायची.